पळता ठेका

मुलांनो, आणि मुलांच्या मागे बसून हळूच कान देणाऱ्या मोठ्यांनो, ही खूप जुनी गोष्ट आहे. घनदाट रानाच्या कडेला एक गाव होतं. गावात दगडी भिंतींची इमारत एकच, ती म्हणजे शाळा.

रानात वाघ होते. म्हणून वेशीवरच्या मचाणावर एक म्हातारा जागल्या ढोल घेऊन पहारा करी. वाघ दिसला की तो एक ठेका वाजवी. तीन घाईचे ठोके, जरासा थांबा, पुन्हा तीन. गाव त्याला पळता ठेका म्हणे. तो कानावर पडला की बायका चुलीवरचं दूध टाकून, मुलं खेळ टाकून शाळेत धावत आणि आतून अडसर लावत.

शाळेचे गुरुजी तसे भले गृहस्थ. पण त्या वर्षी ते काळजीत पडले. शाळेच्या उत्सवाला खुद्द राजा येणार होता, आणि मुलांना एकत्र गाता येई ती फक्त शाळा भरतानाची प्रार्थना. तीही संथ. राजा डुलक्या घेऊ लागला तर? गुरुजींची झोपच उडाली.

मग त्यांना पळता ठेका आठवला. तो ऐकून अंगावर काटा येतो, झोप कसली येतेय! त्यांनी त्यावर लेझीम बसवायला घेतलं.

जागल्या काठी टेकत शाळेत आला. "गुरुजी, पाया पडतो तुमच्या. त्यो ठेका खेळायला न्हाई."

"अहो बाबा, मी गावाला सांगून ठेवलंय. दुपारी वाजला तर तालीम समजा."

"आन् वाघाला कोण सांगनार?"

गुरुजी हसले. आणि पुन्हा ढोलकीकडे वळले.

महिनाभर तालीम चालली. गुरुजींनी ढोलकीवर ठेका धरला की मुलं वर्गातून उड्या मारत अंगणात येत आणि रांगा धरत. धाकटी पोरं तर झोपेतसुद्धा त्या ठेक्यावर पाय हलवत.

उत्सवाला दोन दिवस उरले. भर दुपारी ठेका वाजला. पण गुरुजींची ढोलकी तर खुंटीवर होती! हे ध्यानात येईपर्यंत मुलं हसत हसत अंगणात पोचून खेळू लागली होती. कुंपणापलीकडचं गवत हललं. गवतात पट्टे दिसले. 

"आत चला!" गुरुजी ओरडले. लेझमांच्या खणखणाटात कोणाला ऐकू जाणार? शेतातल्या आया लांबून कौतुकाने पाहत होत्या.

मचाणावरून जागल्याला सारं दिसलं. आत जायची ती पोरं बाहेर आली होती. त्याने ढोल फेकला, खाली उतरला आणि काठी उगारून थेट गवताकडे धावला.

ढोल थांबला तशी लेझीमही अडखळली. गुरुजी पुन्हा ओरडणार होते, पण थबकले. आता वाघाचं नाव काढलं तर मुलं सैरावैरा पळतील, आणि पळणाऱ्यावर वाघ हमखास झेपावतो.  मग त्यांनी हात जोडले आणि शाळा भरतानाची प्रार्थना सुरू केली.

मुलांनी सवयीने लेझमी खाली ठेवल्या आणि हात जोडले. प्रार्थना म्हणत एकेक रांग आत जायची, सर्वांत धाकटी आधी, हा रोजचा शिरस्ता. तशीच ती निघाली. घाई करून चालणार नव्हतं. रांग संपता संपत नव्हती. गवतातून एक किंकाळी आली. गुरुजींच्या डोळ्यांना धार लागली, पण त्यांनी गाणं थांबवलं नाही.

शेवटचं मूल आत गेलं तेव्हा गुरुजी दार लावून घेणाऱ्या मोठ्या मुलांना म्हणाले, "अडसर घाला." आणि स्वतः काठी घेऊन गवताकडे धावले.

वाघ रानात निघून गेला होता. जागल्या वाचला, पण त्याचा डावा हात गेला. ढोल वाजवायला दोन हात लागतात.

उत्सव जागल्याची जखम भरेपर्यंत पुढे ढकलला, आणि तेव्हा मुलांनी राजापुढे ती संथ प्रार्थनाच म्हटली. राजाशेजारी जागल्या बसला होता, आणि कोणालाही डुलकी आली नाही. त्या दिवसापासून शाळा सुटली की गुरुजी मचाणावर जाऊन ढोल घेऊन बसत. म्हातारा शेजारी बसून त्यांना ठेका शिकवी.

तात्पर्य: शाळेत कोणतं संगीत वाजवावं हे ते किती रंगतं यावरून ठरवू नये, ते मुलांना कसली सवय लावतं ते पाहून ठरवावं.