लॉरीचा वरचा सूर

“मास्तर, बाकी काही बोलू नका. त्यानं सूर उतरवला की नाही, एवढंच सांगा.”

उदय कंग्राळकर पायरीवरूनच बोलत दुकानात शिरला. एका हातात मोबाइल, दुसऱ्यात जुनी कॅसेट.

इनास मास्तर माझ्या बाकावर एका भजनी मंडळाची पेटी दुरुस्त करत बसले होते. बेळगावच्या कॅम्पात त्यांनी पन्नास वर्षं पोरांना व्हायोलिन आणि गिटार शिकवली. उदय त्यांचाच शिष्य. आता बँकेत साहेब आहे, तरी मास्तरांसमोर आला की शर्टाचं वरचं बटण लावतो.

मास्तरांनी पट्ट्यांवरची धूळ फुंकली.

“कुणी?”

“लॉरीनं. आणखी कुणी?”

लॉरी म्हणजे मडगावचा लॉरी मस्कारेन्यस. सत्त्याऐंशी साली त्याची पहिली कॅसेट आली आणि इथली कॉलेजची पोरं खुळी झाली. तोवर मी भजनं आणि नाट्यगीतं विकायचो. रॉक म्हणजे काय, मला ओ की ठो कळत नव्हतं. पण गिऱ्हाइकाचे डोळे वाचायला शाळा लागत नाही. मी दुकानाबाहेर स्पीकर टांगला. समोरचा कापडवाला भांडायला आला. आठ दिवसांनी त्याचाच मुलगा कॅसेट मागायला आला.

उदय आणि शशी मुतगेकर रोज संध्याकाळी यायचे. दोघांत मिळून एक सायकल. बी बाजूचं तिसरं गाणं लागलं की काउंटरवर ताल धरायचे. लॉरी तो वरचा सूर लावायचा तेव्हा शशी डोळे मिटायचा. काउंटरची काच त्यांनी दोनदा फोडली. दोन्ही वेळा मी शिव्या घातल्या आणि दोन्ही वेळा चहाही पाजला. आता त्या काउंटरवर मोबाइलची कव्हरं आहेत. त्यांच्यावर कोण ताल धरणार?

गेल्या शनिवारी कॉलेजच्या मैदानावर लॉरी गायला. वय बासष्ट. सोमवारी चाहत्यांच्या ग्रुपवर उदयनं लिहिलं, म्हातारा संपला, सूर खाली घेऊन गातो, ही फसवणूक आहे. मग काय विचारता. निम्मे त्याच्या बाजूनं, निम्मे विरुद्ध. एकानं साउंडवाल्याला धरलं, एकानं हवेतल्या गारठ्याला. शशीनं एवढंच लिहिलं की मला फार आवडलं, मी रडलो. त्यावर उदय सगळ्यांसमोर म्हणाला, तुझे कान गेलेत, दाखवून घे.

शशी ग्रुपमधून बाहेर पडला. फोन उचलेना. आणि आज, सदतीस वर्षांत पहिल्यांदा, रविवारच्या चहाला आला नाही. त्याचा कप मी सवयीनं ओतला होता. साय धरून तो तसाच पडला होता.

उदयनं एकदा त्या कपाकडे पाहिलं. मग कॅसेट माझ्यापुढे सरकवली.

“लावा. मास्तरांनी निकाल दिला की शशीला ऐकवतो. मग येईल वळणावर.”

मी कॅसेट लावली. लॉरीचा कोवळा आवाज दुकानात भरला. वरचा सूर आला. उदयचं बोट आपोआप काचेवर वाजू लागलं.

मास्तरांनी भाता ओढला आणि पेटीवर तो सूर शोधला. पांढरी चार.

मग मोबाइलवर मैदानातलं गाणं. तोच वरचा सूर, खरखरीत, धाप लागलेला. मास्तरांचं बोट एक पट्टी खाली सरकलं. पांढरी तीन.

“बघा,” उदय म्हणाला. “अर्धा सूर खाली. मी सांगत होतो.”

मास्तरांनी मशीनमधून कॅसेट काढली, चष्मा कपाळावर चढवला, लेबल डोळ्यांजवळ नेलं.

“अक्षर कुणाचं?”

“माझं,” मी म्हणालो.

“मूळ कुठाय?”

...

मूळ कॅसेट माझ्याकडे एकच होती, मडगावहून आणलेली. बाकी सगळ्या गावाला मी तिच्यावरून भरून दिल्या. स्टुलावर चढलो, वरच्या फळीवरून ती काढली, धोतराच्या सोग्यानं पुसली. पुसायला गरजेपेक्षा जास्त वेळ लावला.

वाजवली. वरचा सूर आला.

पांढरी तीन.

मास्तरांनी पट्टीवरचं बोट उचललं नाही. भात्यातली हवा संपेपर्यंत तो सूर वाजत राहिला, मग विझला.

उदयनं माझ्याकडे पाहिलं. आता लपवून काय उपयोग? मी सांगून टाकलं. मूळ कॅसेट कोऱ्या कॅसेटपेक्षा दर बाजूला पावणेदोन मिनिटांनी मोठी होती. शेवटचं गाणं अर्ध्यात तुटायचं आणि पोरं परत आणून आपटायची. मग मी घड्याळजीचा पेचकस घेतला आणि वाजवायच्या मशीनचा एक स्क्रू जरासा पिळला. मशीन पळालं, गाणी पुरी मावली. गिऱ्हाईक खूश, मी खूश. सूरसुद्धा वर चढतो, हे माझ्या गावीही नव्हतं. ते मशीन कधीच भंगारात गेलं.

उदय बाकावर बसला. मास्तरांपुढची आपली कॅसेट त्यानं उचलून घेतली.

“म्हणजे तसा... तो कधी गायलाच नव्हता?”

“नाही,” मास्तर म्हणाले.

बाहेर एक रिक्षा येऊन थांबली, निघून गेली.

मग उदय सावरला. बँकेतला साहेब परत जागा झाला. त्यानं मोबाइल उचलला. म्हणाला, शशीला कळवून टाकतो, मशीनचा दोष होता, माझ्या कानांचा नाही. “तो आपला नशिबानं बरोबर निघाला. त्याला कुठं सुरातलं कळतंय?”

मास्तरांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला.

“शशीकडे मूळ कॅसेट आहे?”

“नाही हो. माझ्याबरोबरच घेतलेली, इथूनच. अशीच.”

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्याच मशीनवरची, त्याच दुपारची.

“ऐकतो का अजून?”

“रोज. माझ्याहून जास्त.”

मास्तरांनी पेटीचं झाकण लावलं. शशीचा थंड कप उचलला, मोरीत ओतला, विसळून पुन्हा उदयच्या कपाशेजारी ठेवला.

“मग त्यालाही उतरलेलाच ऐकू आला असेल. तरी त्याला आवडलं.”