लेफानाची खिंड

वेलोआ बेटाचं मुख्य बंदर आनाहुला. बेटाभोवती पोवळ्याच्या खडकाचा तट आहे. आत शिरायला एकच खिंड, तीही बरोबर नदीच्या मुखासमोर. तिथे पोचलं की म्हातारा नावाडी पेनिओ इंजिन मंद करतो आणि पाहुण्यांना दटावतो, "पाण्याच्या बाटल्या काढा. पिऊ नका, आधी ऐका."

पूर्वी म्हणे ही खिंड नव्हतीच. एरवी भरतीच्या पाण्यावर होड्या खडक ओलांडून यायच्या, वादळात मात्र त्यावरच फुटायच्या. लेफानाचा नवरा असाच गेला, अंगणातून दिसत असताना. तिने मारलेली हाक त्याला ऐकूही गेली होती, असं सांगतात. पदरात एकुलता एक मुलगा, तोमाले. तोही मोठा होऊन समुद्रावरच जाणार, दुसरं करणार काय? लेफानाने पण केला, याला मी दाराबाहेर मरू देणार नाही.

तेव्हा नदीचं पाणी तिच्या अळूच्या खाचरांतच जिरायचं. बेटावरचे सगळ्यात गोड कंद तिचे. पण पावसाळ्यात जिथे गोडं पाणी समुद्रात उतरायचं, तिथलं पोवळं मरायचं, हे तिने पाहून ठेवलं होतं. तिने खणायची काठी घेऊन बांध फोडला आणि नदी सरळ समुद्रात सोडली.

दीर धावत आला. "वहिनी, वेड लागलं का? आता खायचं काय?"

"तुम्ही द्याल ते," ती म्हणाली.

त्याने बांध पुन्हा घातला, तिने पुन्हा फोडला. बाई हट्टाला पेटली होती. खाचरं वाळली, हात सोलवटले, पण ओहोटी लागली की ती मेलेलं पोवळं दगडाने फोडत बसायची. अशी वर्षं गेली.

आणि व्हायचं तेच झालं. तोमाले समुद्रात असताना वादळ उठलं. सगळा तट फेसाळला, फक्त एका जागी, खडक फुटला होता तिथे, पाणी काळं नि खोल. त्यासमोर, नदीच्या मुखात कंबरभर पाण्यात उभी राहून म्हातारी हाका मारत होती. या वेळी हाक ऐकणारा आत आला.

तिने नदीचं पाणी करवंटीत भरून दिलं. पोरगा तहानेने अर्धमेला, तरी त्याने ते आधी समुद्रात ओतलं. म्हणाला, "आई, दार उघडं राहू दे."

आजही ती खाचरं कोरडीच आहेत. आजही खिंडीत शिरणारी प्रत्येक होडी आधी समुद्राला गोडं पाणी देते.

"एवढ्याशा पाण्याने काय होणार, असं विचारू नका," पेनिओ म्हणतो. "माझा मुलगा अजून बाहेर आहे. ओता."