सोनं चढवलेला हंडा

एका राज्यात, जिथं राजापेक्षा त्याच्या जादूगाराचंच अधिक चाले, भर चौकात हत्तीएवढा तांब्याचा हंडा होता. सारी नगरी त्यातलं पाणी पिई आणि ठणठणीत राही. एके दिवशी जादूगार विक्राळानं राजाचे कान भरले, "महाराज, आपल्या प्रजेनं तांब्यातलं प्यावं? शोभतं का?" राजा फुगला. हंड्याला आतून सोन्याचा मुलामा चढला, आणि घरोघर मुलं पोट धरून तळमळू लागली.

राजकन्या कुंदमालेचा दूधभाऊ सारंगही अंथरुणाला खिळला. ती तडक दरबारात गेली. राजा म्हणाला, "सोन्याला बोल लावू नकोस. त्यांचं दैव!" दैव! स्वतः डोंगरातल्या झऱ्याचं पाणी पिणाऱ्यानं दैवाच्या गोष्टी सांगाव्यात!

तिच्या खिडकीत एक भारद्वाज येऊन बसला. तो बोलला, "पाण्यातल्या न दिसणाऱ्या असुरांना तांबं मारतं. त्याचा अंश पाण्यात उतरतो. सोनं उतरत नाही, तुझ्या पित्यासारखं नुसतं मिरवतं. ब्रह्मराक्षसाची चिंच आण, उकळत्या नदीची वाळू आण, आणि सोनं खरवड. पण विक्राळाच्या शापानं खरवडणारा हात दगडाचा होईल. मुलाम्याचा हुकूम देणाऱ्यानं स्वतः हात लावला, तरच शाप सुटेल."

"होऊ दे दगड," कुंदमाला म्हणाली.

ब्रह्मराक्षस गुरगुरला, "चिंचेच्या बदल्यात काय देशील?" "काही नाही. पोरं मरताहेत." त्यानं मुकाट्यानं फांदी वाकवली. नदीनंही तिच्यापुरतं उकळणं थांबवलं. राक्षसाला लाज होती, नदीला होती. नव्हती ती फक्त सिंहासनावर.

कुंदमाला रिकाम्या हंड्यात उतरली आणि वाळूनं सोनं घासू लागली. उजव्या हाताची बोटं एकेक करून दगडाची झाली. राजा ओरडत धावत आला. तिनं एका बाईच्या घागरीतलं, त्याच हंड्यातून भरलेलं पाणी डाव्या हातानं वाटीत घेतलं.

"आबासाहेब, एवढं प्या. मी थांबते."

राजानं वाटी घेतली. ओठ लावायची मात्र छाती होईना. साऱ्या चौकानं ते पाहिलं.

मग तो मान खाली घालून हंड्यात उतरला आणि लेकीशेजारी घासू लागला. सोनं गळून पडलं, तिचा हात सुटला आणि विक्राळाचा धूर झाला. चिंचेनं लख्ख केलेल्या हंड्यात पाणी रात्रभर राहिलं. ते पिऊन पिऊन सारंग उठून बसला. गेलेली पोरं परत आली नाहीत. ते कुठल्याच मंत्राला जमलं नाही.

आजही त्या राज्यात रोज सकाळी राजा स्वतः चिंचेनं हंडा घासतो. घागरी घेतलेल्या बाया काठावर उभ्या राहून बघतात, आणि तांबं झळकेपर्यंत त्याला कुणी मुजरा करत नाही.