दयाळाचं विरहगाणं

फार मागे, जिथे माणसाची पायवाटही पोचली नव्हती अशा एका रानात दयाळ पक्ष्याचं एक जोडपं राहत होतं. एकदा वादळात दयाळीण वाऱ्याबरोबर कुठल्या कुठे फेकली गेली. दयाळाने तीन दिवस चोचीत काही घेतलं नाही. चौथ्या दिवशी तो पळसाच्या शेंड्यावर बसून रडू लागला, आणि ते रडणं इतकं सुरेल निघालं की खाली चरणारा ससा चरायचं विसरला.

दुसऱ्या संध्याकाळी ससा आपलं गणगोत घेऊन आला. मग हरणं आली, लांबच्या रानातून खारी आल्या. हळूहळू दयाळाला उमगलं, की आवाज कुठे कापरा केला म्हणजे हरणं माना खाली घालतात. आता तो पोटभर खाऊन गायला बसे, कारण उपाशीपोटी वरचा सूर लागत नसे.

एके दिवशी गाणं ऐन रंगात आलं असताना दयाळीण मोडका पंख ओढत खालच्या फांदीवर चढली. "अहो, मी आले," ती म्हणाली.

दयाळाचं काळीज हललं. मग त्याने समोरची गर्दी पाहिली. "जरा थांब," तो हळूच म्हणाला, "शेवटचं कडवं राहिलंय."

ते कडवं तिच्याच मरणाचं होतं आणि त्या दिवशी ते फारच सुंदर झालं. दयाळिणीच्या डोळ्यांतून धारा लागल्या.

"पहिल्यांदाच ऐकताय वाटतं?" शेजारच्या खारीने विचारलं.

"हो," ती म्हणाली. "यांची बायको वारली, हे मलाही आजच कळलं."