थोरल्या राउटरची ख्यालीखुशाली

इंटरनेट अजून फोनच्या तारेतून, नंबर लावून यायचं, त्या काळातली ही गोष्ट. एका दूध संघाच्या व्यवस्थापक शकुंतलाबाई दोन गावांतल्या केंद्रांसाठी राउटर शोधत होत्या. दुकानदाराने एक थोरला, महागडा राउटर दाखवला आणि एक धाकटा, स्वस्तातला. बाईंनी दोन्ही वापरून बघायला नेले आणि एकेका गावच्या केंद्रात एकेक लावला.

थोरल्याला आपल्या घराण्याचा भारी अभिमान. सकाळी त्याने संघाच्या कचेरीला फोन लावला, दुधाचा आकडा सांगितला आणि मग लाइन चालूच ठेवून थोड्या थोड्या वेळाने विचारत राहिला, "आहात ना? बरं चाललंय ना?" त्याच्या मते खानदानी रीत हीच. कचेरीत लाइन एकच. दुसऱ्या गावाहून धाकट्याला ती लागेना. आकडा पोचला नाही म्हणून टँकर गेला नाही आणि त्या गावचं दूध नासलं.

बाई चिडून धाकट्याला परत करायला निघाल्या. वाटेत थोरल्याच्या केंद्रात डोकावल्या, तर त्याचा दिवा अजून लुकलुकत होता.

"कुणाशी बोलतोयस?"

"कचेरीशी. ख्यालीखुशाली विचारतोय."

"आणि दुधाचा आकडा?"

"तो सकाळीच सांगून झाला."

बाईंनी त्याची वायर काढली. दोन्ही केंद्रांना त्यांनी धाकटेच घेतले.

थोरला दुकानाच्या फळीवर परतला. पुढच्या गिऱ्हाइकाला दुकानदार कौतुकाने म्हणाला, "याला सगळं येतं."

"फोन ठेवणं सोडून," थोरला हळूच म्हणाला.