उलटे धबधबे

एका राज्यातल्या रानात तीन धबधबे होते आणि तिन्ही वर वाहत. डोहातून पाणी उठे, कडा चढे, ढगात शिरे. खाली नदी कोरडी.

पूर्वी असे नव्हते. त्या रानातल्या पायवाटा अरुंद, म्हणून रीत अशी, की उतरणाऱ्याने कड्याला पाठ लावून थांबावे, चढणाऱ्याला आधी जाऊ द्यावे. एकदा राजा भद्रसेन रान पाहायला आला. उतरताना समोरून मोळी घेतलेली म्हातारी आली. राजाने तिलाच ढकलले. ती जादूगारीण होती.

"आता इथे पाणीही उतरणार नाही," ती म्हणाली. "तिन्ही धबधब्यांपाशी तू वाट देशील, तेव्हाच उतरेल."

त्या वेळी राणी सुकेशी डोहात नाहत होती. पाण्याबरोबर तीही वर गेली.

राजाने हा उःशाप कुणाला सांगितला नाही. दरबारातली वडीलधारी मंडळी यज्ञ करीत राहिली. राजकन्या वेणुका मोठी झाली. एक दिवस रानातल्या कस्तूर पक्ष्याने तिला सारे सांगितले. ती तडक दरबारात आली.

"बाबा, एवढंच करायचं होतं?"

"राजा बाजूला होत नाही, वेणुके."

प्रधान म्हणाले, "राजकन्ये, वडिलांशी असं बोलू नये. चैत्रात मुहूर्त आहे."

"प्रधानकाका, तुमचे मुहूर्त पुरे. बाबा, उठा."

दोघे डोंगरमाथ्यावरून उतरू लागले. पहिल्या धबधब्यापाशी कुंभाराचे गाढव चढत होते. राजाने वाट दिली. कस्तूर ओरडला, "महाराज, गाढवाने मुजरा नाही केला हो!" दुसऱ्यापाशी गुराखीण आली. तिलाही दिली. तिसऱ्यापाशी तीच म्हातारी. राजाचे पाय अडले. वेणुकेने ढगांकडे पाहिले.

राजाने कड्याला पाठ लावली. "आजी, आधी तुम्ही."

"इतकंच होतं रे," म्हातारी म्हणाली आणि चढून गेली.

पाणी कोसळले. नदी भरली, गावोगावी घागरी भरल्या. राणी डोहातून बाहेर आली. ढगात वय वाढत नाही. ती वेणुकेच्याच वयाची दिसत होती.

"आई!"

राणी दचकली, मग हसली. "तू कुणाची गं? जरा हात दे. माझी लेक उठली असेल, तिच्या दुधाची वेळ झाली."

राजा मान खाली घालून उभा राहिला. वेणुकेने हात दिला. वाटभर राणी आपल्या तान्हुलीच्या खोड्या सांगत होती, आणि वेणुका होईल तितकी हळू चालत होती.