ठाऊक असेल तरच लिहावे

गुरांचे वैद्य म्हणून सगळी हयात घालवलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी एकदा भर सभेत आपल्याच विरोधात हात वर केला. गोष्ट तिथून सुरू होते.

हे गृहस्थ जिल्ह्यातल्या पशुवैद्यांना गुरुस्थानी होते. सगळे त्यांना नुसते 'सर' म्हणत. निवृत्तीनंतर त्यांनी पशुवैद्यांचा एक ईमेलचा गट सुरू केला होता. आडगावच्या एखाद्या वैद्याला जनावराचे दुखणे उलगडले नाही की तो गटावर मेल टाकी, तो सगळ्यांना पोचे, आणि ज्याला सुचेल तो सवडीने उत्तर देई. ज्या प्रश्नाला कुणाचेच उत्तर नसे, त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी सरांचे उत्तर येई: "वाचले. मला ठाऊक नाही. विचार करतो." बस्स, एवढेच! ठाऊक नाही हे कळवायला मेल कशाला लिहायचा, असे तरुण मंडळी आपसात हसत. सरांची पत्नी वारली होती, मुलगा परदेशात. म्हातारा एकटा आहे, वेळ जात नाही, असा अर्थ सगळ्यांनी लावून टाकला होता. दुसऱ्याच्या वागण्याचा अर्थ लावण्यात आपण सगळेच मोठे तरबेज असतो.

सरांचा आवडता शिष्य विश्वंभर. हुशार, मनाचा चांगला आणि भारी घाईचा. त्याचे म्हणणे असे की मेल आता पुरे, मोबाइलवर ग्रुप काढावा. वार्षिक सभेत तो उभा राहिला. "म्हैस विताना अडलीय, डॉक्टर गोठ्यात शेणामुतात बसलाय. तो काय मेल लिहून वाट बघणार? उत्तर येईपर्यंत म्हशीचं तेरावं व्हायचं!" सभेत हशा पिकला. जुन्या मंडळींनी कुरकुर केली. मेलवर माणूस विचार करून लिहितो, ग्रुपवर नुसता गलका होईल, असे ते म्हणाले. मग सगळ्यांच्या नजरा सरांकडे वळल्या. आता सर आपल्या गटासाठी भांडणार! पण सरांनी शांतपणे ग्रुपच्या बाजूने हात वर केला. म्हणाले, "पोरगा बरोबर बोलतोय. अडलेली म्हैस कुणासाठी थांबत नाही." झाले, त्याच दिवशी मेलचा गट बंद झाला.

ग्रुप सुरू झाला आणि वाहू लागला. प्रश्न येत, उत्तरे येत, फुले येत, सुविचार येत. सरही होते. ज्या प्रश्नाखाली कुणी काही लिहिले नसे तिथे सकाळी त्यांचे ठरलेले असे: "वाचले. ठाऊक नाही." विश्वंभरला त्याचा वैताग येऊ लागला. शेवटी त्याने ग्रुपच्या माथ्यावर नियमच लिहून ठेवला: 'ठाऊक असेल तरच लिहावे. निष्कारण गर्दी करू नये.' मग त्याने सरांना फोन केला.

"सर, राग मानू नका, पण तुमचं ते 'वाचले, वाचले'... लोक हसतात हो."

"राग कसला रे? तुझा ग्रुप, तुझा नियम," सर म्हणाले, आणि त्या दिवसापासून त्यांनी लिहिणे सोडले.

वाढदिवसांना मात्र हा नियम लागू नव्हता. शुभेच्छा कशा द्याव्यात हे सगळ्यांनाच ठाऊक असते.

सरांच्या दिवसातला एक धागा तुटला तो तुटलाच. सकाळी ते फोन उघडत, सगळे वाचत, आणि बाजूला ठेवत. आतापर्यंत दिवसाकाठी कुणाशी तरी दोन शब्द होत, तेही गेले. एकट्यासाठी कशाला, म्हणून दुपारचा चहाही त्यांनी बंद केला होता. कुणी विचारले असते तर 'मजेत आहे' म्हणाले असते. कुणी विचारले नाही.

अशात एके दिवशी दुपारी ग्रुपवर हेमांगीचा प्रश्न आला. हेमांगी डोंगराकडच्या एका खोऱ्यात एकटीच पशुवैद्य. त्या खोऱ्यात दुसरा डॉक्टर नव्हता आणि यायला कुणी तयारही नव्हता. तिने लिहिले होते: 'म्हैस अडली आहे. गर्भाशयाला पीळ आहे. पोटावर फळी ठेवून लोळवली, पुन्हा लोळवली, पीळ सुटत नाही. पुढे काय करू? कृपया कुणीतरी सांगा.'

विश्वंभर तेव्हा जेवत होता. त्याने वाचले. अशा केसेस त्याने फार पाहिल्या नव्हत्या. जाणकार कुणीतरी सांगेल, असे त्याला वाटले. ग्रुपवरच्या प्रत्येकाला नेमके तेच वाटले. तेवढ्यात एका ज्येष्ठ सदस्यांचा वाढदिवस असल्याचे कुणीतरी कळवले, आणि विश्वंभरने एक सुंदर पुष्पगुच्छ टाकला. त्याखाली केक आले, समया आल्या, टाळ्या आल्या. हेमांगीचा प्रश्न वर सरकत सरकत दिसेनासा झाला.

सरांनी तो दुसऱ्या दिवशी सकाळी वाचला. वाचून ते तडक विश्वंभरच्या दवाखान्यात येऊन उभे राहिले.

"गाडी काढ."

"कुठे जायचंय सर?"

"हेमांगीकडे."

विश्वंभरने फोन पाहिला, आणि त्याचा चेहरा उतरला. "पण सर, काल दुपारची गोष्ट. जे व्हायचं ते झालं असणार. आता एवढ्या लांब जाऊन काय करणार?"

सर गाडीत जाऊन बसले. वाटेत विश्वंभरला वाटले, सर हेमांगीला चार गोष्टी शिकवणार, पीळ कसा सोडवायचा ते समजावणार.

हेमांगी दवाखान्याच्या पायरीवर बसली होती. डोळे सुजलेले. म्हैस गेली होती, रेडकूही गेले होते. सर तिच्याशेजारी पायरीवर बसले. त्यांनी पिळाबद्दल एक अक्षर काढले नाही. एवढेच म्हणाले, "पोरी, तुझा प्रश्न वाचला."

हेमांगी त्यांच्याकडे बघत राहिली आणि ढसाढसा रडू लागली. एका वाक्यात रडण्यासारखे काय होते, ते विश्वंभरला कळेना. तो आपला गाडीजवळ ओशाळून उभा.

जरा वेळाने ती बोलू लागली. "सर, मेलवर लगेच उत्तर आलं नाही तर मी मनाची समजूत घालायची. अजून कुणी उघडला नसेल, कामात असतील. काल मात्र ज्यांनी वाचलं त्यांच्या नावांपुढे निळ्या खुणा दिसत होत्या मला. कितीतरी जणांनी वाचलं होतं. मी म्हशीच्या पोटाशी हात ठेवून बसले होते, आणि फोनवर केक येत होते. आणि सर, मी उलट्या बाजूला लोळवत होते. पीळ उजवा होता, म्हणजे उजवीकडेच लोळवायला हवं होतं, घाबरून मी डावीकडे लोळवत राहिले. म्हैस गेल्यावर लक्षात आलं. कुणी उत्तर दिलं नसतं तरी चाललं असतं. कुणी नुसतं विचारलं असतं ना, 'बाई गं, पीळ कुठल्या बाजूला आहे?' एवढ्यानं माझं डोकं जाग्यावर आलं असतं. मी बदली मागतेय सर. आता मला इथे एकटीनं राहवत नाही."

सरांनी तिला राहा म्हटले नाही, जा म्हटले नाही. तिने चहा केला, तिघांनी प्यायला. सरांचा तो कितीतरी दिवसांतला पहिला दुपारचा चहा होता.

परतताना विश्वंभरने रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली. "सर, चुकलं माझं. मेलच बरा होता. परत मेल सुरू करू."

"छे रे! मेलमध्ये काय होतं?" सर म्हणाले. "तिथं कुणी वाचलं ते दिसत नसे, म्हणून आपला निष्काळजीपणाही झाकून राही. ग्रुपवर तो उघडा पडतो. कालच्या म्हशीला मेल उपयोगाचा नव्हताच, ग्रुपच हवा होता. पण जिथं आपण ऐकलंय हे समोरच्याला दिसतं, तिथं जास्त बोलायला हवं, आणि तू नेमकं गप्प राहायला सांगितलंस. अरे, ठाऊक असणारे आपल्यात किती? बाकीच्यांनी काय नुसतं बघायचं? विचारणाऱ्याला उत्तर हवंच असतं. पण त्याआधी त्याला कुणीतरी हवं असतं. मी 'ठाऊक नाही' लिहीत होतो ते वेळ जात नव्हता म्हणून नव्हे. म्हणजे, तेही होतंच. खोटं कशाला बोलू?" सर खिडकीबाहेर बघू लागले.

त्याच दिवशी विश्वंभरने माथ्यावरचा नियम पुसला आणि लिहिले: 'ठाऊक नसेल तरी लिहावे.' हेमांगीने बदलीचा विचार 'सध्या' पुढे ढकलला. तेवढ्यावर सगळ्यांनी समाधान मानले.

काही महिन्यांनी एका दुपारी ग्रुपवर सरांचा एक प्रश्न आला: 'गाईचे पोट फुगले तर काय करावे?' पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल असा प्रश्न, आणि ज्यांनी हे सगळ्यांना शिकवले ते विचारत होते. ग्रुपवर हसण्याचे चेहरे आले. 'सर परीक्षा घेतायत!' कुणी लिहिले. 'सर, आम्ही पास ना?' दुसऱ्याने विचारले. उत्तरेही आली, अगदी बिनचूक.

विश्वंभरच्या मनात आले, सरांच्या दारात गाय कुठली? त्याने प्रश्न पुन्हा वाचला. तो लिहायला लागणार तेवढ्यात खोऱ्यातून हेमांगीचे उमटले: 'वाचले, सर. जेवलात का?'

त्यावर सरांचे काहीच आले नाही. बराच वेळ आले नाही.

विश्वंभरने दवाखान्याला कुलूप लावले, गाडीची किल्ली घेतली आणि खाली लिहिले: 'वाचले. निघालोय. चहा टाका.'